द्राक्षबागेपासून वणव्याच्या नकाशापर्यंत : आमची वाटचाल

नाशिकमध्ये दोन खोल्यांच्या कार्यालयात आम्ही काम सुरू केले, तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना द्राक्षबागेत पाण्याचा ताण कुठे पडला आहे, हे उपग्रहाच्या प्रतिमांवरून दाखवणे एवढाच आमचा व्यवसाय होता. पाण्याने भरलेले पान लघुतरंग अवरक्त किरण शोषून घेते आणि सुकू लागलेले पान तेच किरण अधिक परतवते; हा फरक सेंटिनेल-२ उपग्रह जमिनीवरच्या २० मीटर बाजूच्या एकेका चौकटीत टिपतो. एका फेब्रुवारीत त्र्यंबकेश्वरहून रात्री परतताना अंजनेरीच्या उतारावर वणव्याची रेघ सरकताना पाहिली आणि हीच मोजणी रानाला लावून पाहण्याचा विचार मनात पक्का झाला.

पहिल्या वर्षीचा वणव्याच्या धोक्याचा नकाशा चुकला. हिरवेपणाचा निर्देशांक घसरला की धोका वाढला, असे सरधोपट गणित आम्ही मांडले होते. त्यामुळे पानगळ झालेले सागाचे रान लालभडक दिसले, तर पेठ तालुक्यातील ज्या उतारावर प्रत्यक्ष वणवा भडकला, तो 'मध्यम' धोक्यात राहिला. तिथे गेलो तेव्हा गवताची नुसती काळी राख उरली होती आणि करवंदीच्या जाळ्या बाहेरून होरपळल्या असल्या, तरी आतली पाने हिरवीच होती. एकाच चौकटीत करवंदीचा हिरवेपणा आणि वाळलेल्या कुसळी गवताचा कोरडेपणा मिसळला होता. ती चूक आमचीच होती आणि तिची रुखरुख अजून आहे.

तेव्हापासून आमच्या कार्यालयात वजनकाटा आणि ओव्हन आले. गवत-पाचोळा हवाबंद डब्यात आणून तोलायचा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. उडालेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. १०० ग्रॅम गवताचे ९२ ग्रॅम उरले, तर ओलावा सुमारे ८.७ टक्के. हिरव्या पाल्यात हा आकडा शंभराच्या वर जातो. वाळलेले बारीक गवत तासाभरात हवेतला ओलावा घेते किंवा सोडते, बोटाएवढ्या काटक्यांना त्यासाठी सुमारे दहा तास लागतात. म्हणून सकाळी दवाने मऊ झालेला उतार दुपारी पेटण्याजोगा होतो. साधारण पाच दिवसांनी येणाऱ्या प्रतिमेत ही घालमेल दिसत नाही. ती तापमान आणि आर्द्रतेवरूनच काढावी लागते.

आज आमच्या नकाशात जिवंत पाल्याचा ओलावा उपग्रहावरून, मृत इंधनाचा, म्हणजे वाळलेल्या गवत-पाचोळ्याचा, हवामानावरून आणि गवत किती हे पावसाळ्यानंतरच्या प्रतिमांवरून येते. पाऊस चांगला झाला, तर गवत दाट वाढते आणि उन्हाळ्यात जळायलाही तेवढेच अधिक असते, ही गोष्ट आम्ही आधी लक्षातच घेतली नव्हती. राब भाजण्याची, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याची, शेते आणि मोहाची झाडे मात्र उपग्रहाला उमगत नाहीत. फुले वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाला कुठे पेटवतात, हे गावातली माणसेच दाखवतात आणि त्या जागा आम्ही हाताने नकाशावर भरतो. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, कुठे आधी काढायची, हे त्यावरून ठरवता यावे, एवढीच आमची धडपड आहे. यंदा करवंदीच्या चौकटींतले गवत वेगळे काढण्याचे काम हाती घेतले असून, त्यासाठी पेठच्या त्याच उतारावरून दर आठवड्याला डबे भरून येत आहेत.