निळूची वही

मागच्या मे महिन्यात नात सुट्टीला माझ्याकडे नौपाड्यात आली होती. खालच्या मजल्यावर एका मुलीचा वाढदिवस होता. तिथून परतताना तिच्या हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा होता आणि आत एक निळाभोर मासा. वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक मुलाला असा एकेक डबा दिला होता. पाणी जेमतेम अर्धा लिटर. मासा वळला की शेपूट भिंतीला घासायची.

नातीने त्याचं नाव निळू ठेवलं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ती खारघरला गेली, निळू इथेच राहिला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ठरलेला: "आजी, निळूने खाल्लं का?" तिला नेमकं उत्तर द्यायचं म्हणून मी वही घातली. तेहतीस वर्षं बँकेत गेली, नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिली नोंद अशी आहे: "लोणच्याच्या बरणीत ठेवला. चार दाणे टाकले. दोन खाल्ले, दोन तळाशी."

दुकानात सगळे याला फायटर म्हणतात, खरं नाव बेटा. मी मोठी टाकी मागितली तर दुकानदार म्हणाला, "काकू, कशाला खर्च करता? फायटर वरची हवा घेतो, बरणीत आरामात राहतो." यातलं अर्धंच खरं आहे. बेटाच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक खास अवयव असतो. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो, म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. आमच्या मुरबाडकडच्या ओढ्यातली मरळही अशीच वर येऊन हवा घेते. पण हवा वरून मिळाली तरी त्याची घाण खालीच साठते, त्याच बरणीत.

हा मासा मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि दलदलीतला. त्या देशाने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलं. खाचरात पाणी घोटाभर असतं, म्हणून लोकांना वाटतं याला थोडकं पाणी पुरे. मी भातशेतीच्या घरातली आहे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढताना पाहिलेत. खाचर उथळ असलं तरी एका बांधाचं पाणी दुसऱ्या बांधात उतरतं, सगळं शिवार एक झालेलं असतं. लोणच्याची बरणी म्हणजे खाचर नव्हे.

शेवटी दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद, पाऊण फूट उंच काचेची टाकी आणली. साधारण २० लिटर पाणी भरते. वर जाळीचं झाकण, कारण बेटा उडी मारतो, आणि झाकणाखाली तीन बोटं मोकळी जागा, कारण त्याला हवा घ्यायची असते. स्पंज फिल्टर लावला, पंपाची हवा अगदी मंद ठेवली. एवढा मोठा पिसारा घेऊन त्याला जोराच्या प्रवाहात पोहवत नाही.

वहीतलं सर्वांत वाईट पान ऑगस्टचं आहे. गणपतीआधीची साफसफाई चालली होती. त्या भरात मी टाकी पूर्ण रिकामी केली, खडे घासले, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. चौथ्या दिवशी निळू तळाशी आडवा. कल्ले भराभर हलत होते, शेपटीच्या कडा काळवंडल्या होत्या. नेरुळच्या भाच्याकडे दहा वर्षं मासे आहेत, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तू घाण नाही धुतलीस, जिवाणू धुतलेस."

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात आणि नव्या टाकीत ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती एका सकाळीत पुसून टाकली होती. भाचा अमोनिया तपासायचा संच घेऊन आला. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. त्या रात्री मी नीट झोपले नाही. पुढे तीन आठवडे रोज पाव टाकी पाणी बदललं. भाच्याने त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंजाचा तुकडा दिला, तो आमच्या फिल्टरला बांधला. निळूच्या शेपटीला नवी, पारदर्शक कड फुटली त्या दिवसाच्या नोंदीखाली मी दोन रेघा ओढल्यात.

आता स्पंज फक्त टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळते. दर रविवारी पाच लिटर पाणी बदलते, नवीन पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब घालते. सोसायटीच्या फलकावर "उद्या टाकी साफ करणार" अशी सूचना लागली की आदल्या दिवशीच दोन बादल्या भरून ठेवते. ब्लीचिंग पावडरनंतरचं पाणी दोन दिवस तरी माशाला घालू नये.

टाकीत बाल्कनीतल्या मनीप्लांटची फांदी लावली आहे, मुळं पाण्यात, पानं बाहेर. नायट्रेट ती पिऊन टाकते. देशी बदामाचं गळलेलं, वाळलेलं पानही घालते. आमच्या इमारतीमागे झाड आहे. रस्त्याकडेचं पान नको, धूर आणि धूळ बसलेली असते. धुऊन अर्धं पान टाकलं की दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पाहुण्यांना ते अस्वच्छ वाटतं. निळू त्या पानाखाली जाऊन झोपतो.

खाणं सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, हे लक्षात ठेवलं की हात आखडतो. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. माझा सोमवार, त्याचाही सोमवार. जानेवारीत एका पहाटे पाणी २१ अंशांवर आलं आणि तो हलेना, तेव्हा ५० वॅटचा हीटर आणला. आता २६ वर ठेवते.

गेल्या बुधवारी मनीप्लांटच्या देठापाशी पाण्यावर बारीक फेसाचा थर दिसला. आधी घाबरले, मग कळलं की ते घरटं आहे. नर तोंडाने बुडबुडे सोडून ते बांधतो. मादी असली तर खाली पडणारी अंडी तोंडात धरून त्यात ठेवतो आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो.

संध्याकाळी नातीला फोनवर ते दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"त्याची बाळं कधी येणार?"

"नाही येणार गं. तो एकटाच आहे."

"मग बांधलं कशाला?"

मी म्हटलं, तू मे महिन्यात ये, आपण दोघी बसून बघू. रविवारी पाणी बदलताना फेसाला धक्का लागू नये म्हणून मग हळूहळू, वाटीवाटीने घातलं.