ताप उतरल्यानंतरचा सतरावा आठवडा

कोविडचा ताप उतरून आज सतरा आठवडे झाले. तपासण्यांचे सगळे अहवाल चांगले आहेत, आणि तरीही जिना चढताना मला मध्येच कठडा धरून थांबावे लागते.

परवा बरे वाटले म्हणून कपाट आवरायला घेतले आणि त्यात दोन तास गेले. त्या रात्री काहीच झाले नाही. काल सकाळीही अंग हलके होते. आज मात्र उठतानाच हातपाय शिशासारखे जड होते, घसा खवखवत होता आणि वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हता. श्रमानंतर लक्षणे बहुधा १२ ते ४८ तासांनी उफाळून येतात, हे डॉक्टरांनी सांगितले नसते, तर आजच्या थकव्याचा परवाच्या कपाटाशी संबंध आहे हे माझ्या कधीच ध्यानात आले नसते. ही वही त्यासाठीच आहे. दुखणे आजच्या तारखेला लिहायचे आणि त्याचे कारण मागच्या पानांवर शोधायचे. अशा शरीराला ‘थोडा जोर लाव, म्हणजे ताकद येईल’ हा सल्ला अपायकारकच ठरतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही जाणवणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारी लक्षणे, अशी कोविडनंतरच्या या अवस्थेची, म्हणजे ‘लाँग कोविड’ची, व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. ती वाचली तेव्हा मला रडू आले, कारण तोवर ‘आता तर बरी झालीस ना’ या प्रश्नापुढे मी गप्पच बसत होते. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने दुखतात हे सगळ्यांना पटते. मग या थकव्यावरच शंका का घ्यावी?

गेलेली वासाची जाणीव परत यावी म्हणून वासाचा सराव चालू आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे. आज लिंबाच्या बाटलीतून प्रथमच काहीतरी जाणवले. तो लिंबाचा वास नव्हता, जळलेल्या रबरासारखा उग्र दर्प होता. तरीही मी बाटली पुन्हा नाकाशी धरली. लवंग आणि निलगिरी यांचा अजून पत्ता नाही.

उद्याच्या पानावर एकच काम लिहिले आहे: केस धुणे, तेही स्टुलावर बसून.