तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गेट’ला एक मराठी शब्द

मी भाषांतर करते हे कळले की प्रश्न ठरलेला असतो: इंग्रजीतल्या ‘गेट’ या क्रियापदाला मराठीत एकच नेमका शब्द कोणता? ‘मिळणे’ म्हटले की लगेच ‘गेट अप’ आणि ‘गेट मॅरिड’ पुढे केले जाते, आणि मला बरोबर पकडल्याचे समाधान विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते. इतकी वर्षे मी हसून विषय बदलत आले. आज बदलत नाही.

‘मिळणे’ हे उत्तर चूक नाही. सन १२००च्या सुमारास हे क्रियापद जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या, भाषेतून इंग्रजीत आले, आणि तिथे त्याचा अर्थ मिळवणे, हाती येणे असाच होता. त्याचे सख्खे भावंड इंग्रजीत आधीपासून होते, पण ते उपसर्गाला धरूनच वावरत असे. ‘फर्गेट’ म्हणजे विसरणे हे त्यातलेच, हातातले निसटणे हा त्याचा मूळ भाव. पुढे वस्तू हाती येण्यावरून माणूस एखाद्या जागी किंवा अवस्थेत येण्यापर्यंत अर्थ पसरत गेला, आणि पोहोचणे, भिजणे, थकणे, कोणाकडून काम करवून घेणे, एखादी गोष्ट समजणे, हे सगळे त्या एका शब्दात मावू लागले. आपल्याला याचे नवल का वाटावे, हे मला कळत नाही. आपल्याकडे भूक लागते, आग लागते, दार लागते, नोकरी लागते, ठेच लागते, मूल रडू लागते आणि नको असताना जावेही लागते. चिकटणे या अर्थाच्या ‘लग्’ धातूतून हे सारे निघाले आहे. कोणी परक्याने ‘लागणे’ला एक शब्द मागितला, तर त्याला आपण तरी काय देणार आहोत?

पण मी चिडते त्याचे खरे कारण हे नाही.

शेजारच्या काकूंचा मुलगा परदेशात आजारी पडून वारला, तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि इंग्रजी घेऊन एम. ए. करत होते. काही आठवड्यांनी त्याच्या तिथल्या मित्राचे पत्र आले आणि ते वाचून दाखवायला काकूंनी मला बोलावले. दोन पानी, हाताने लिहिलेले पत्र होते. दुसऱ्या पानावर, शेवटच्या महिन्याबद्दल लिहिताना, एक वाक्य होते: ‘आय गॉट टू सिट विथ हिम एव्हरी इव्हनिंग.’ मी क्षणभरही न थांबता सांगितले, “मला रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसावं लागलं.” काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “फार त्रास झाला गं त्या पोराला आमच्यामुळे.” त्याच दुपारी त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतले आणि त्यात तीन ठिकाणी माफी मागायला लावली. ती माफी माझ्या अक्षरात गेली. त्या पत्राला उत्तर कधीच आले नाही.

त्याला म्हणायचे होते, “बसायला मिळालं.”

हे मला चार वर्षांनी, दुसराच मजकूर हाताखाली असताना, उमगले. ‘हॅव गॉट टू’ म्हणजे आता करावे लागणार आहे. झालेली सक्ती सांगायला इंग्रजी ‘हॅड टू’ म्हणते. आणि घडून गेलेल्या गोष्टीबद्दल नुसते ‘गॉट टू’ आले की संधी लाभली असा अर्थ होतो. बावीस वर्षांची ती मुलगी अजूनही माझ्याशी वाद घालते. बोलताना लोक ‘हॅव’ गाळतात, ‘आय गॉट टू गो’ म्हणतात आणि तिथे सक्तीच असते, मग माझे काय चुकले, असे ती विचारते. गोष्ट घडून गेलेली होती हे पत्रातच लिहिले होते, असे मी तिला सांगते; काकूंचा चेहरा पाहिल्यावर तरी ती ओळ पुन्हा वाचायला हवी होतीस. समोर काकू बसलेल्या असताना आपल्याला इंग्रजी नीट येत नाही असे कसे दाखवणार होते, असे ती म्हणते, आणि यावर मला तिला रागावता येत नाही. म्हणूनच तुम्ही शब्द विचारलात की मी अख्खे वाक्य मागते, आणि तुम्हाला तो माझा शिष्टपणा वाटतो.

अर्थ कळला त्याच आठवड्यात मी काकूंकडे गेले. त्यांनी कपाटातून ते पत्र काढून दिले, मी त्या ओळीवर बोट ठेवले आणि दोन्ही अर्थांतला फरक सावकाश समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, पत्राची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली आणि विचारले, “तेव्हाही तू हेच पत्र वाचलं होतंस ना?”