काळा कुडा, पांढरा कुडा

तीन आठवडे माझी टीएलसी प्लेट, म्हणजे अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी, कोरी येत होती. कुड्याच्या सालीचा मिथेनॉलमधला अर्क, शेजारी तुलनेसाठी शुद्ध कोनेसिन, म्हणजे कुड्याच्या सालीतलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त द्रव्य). अल्कलॉइड रंगवून दाखवणारं ड्रॅगेनडॉर्फ द्रावण फवारलं की कोनेसिनचा ठिपका नारिंगी उमटायचा, माझ्या नमुन्याच्या रांगेत काही नाही. लहानपणी आव पडली की आजी मला कुड्याचं पाळ (मूळ) उगाळून ताकातून पाजायची. त्याच झाडाच्या सालीत मुख्य अल्कलॉइडच नाही? माझंच काही चुकतंय असं धरून मी अर्क दोनदा नव्याने काढला.

त्या गुरुवारी मुळशीकडचे एक कातकरी मामा आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत आले होते. गावठी औषध देतात, त्यांच्याकडून आम्ही साली ओळखायला शिकत होतो. टेबलावर बाजारातून आणलेली पिशवी उघडीच होती. त्यांनी एक तुकडा उचलला, नखानं खरवडला आणि दाढेखाली धरला. मी "अहो, नको!" म्हणेपर्यंत थुंकूनही टाकला.

"बाई, ह्यो काळा कुडा हाय. कडूच न्हाय. औषधाला पांढरा लागतो."

शास्त्रीय नावानं पांढरा म्हणजे होलॅऱ्हेना, काळा म्हणजे राइटिया. दोघांची फुलं पांढरी, शेंगा जोडीनं येणाऱ्या. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. काळ्याचे इंद्रजव, म्हणजे बिया, गोड, पांढऱ्याचे कडू. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण पिशवीत ना शेंग होती ना पान, नुसत्या वाळलेल्या साली, आणि मी चिठ्ठीवरच्या नावावर विसंबले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर डोंगरात गेले. झाडाची त्यांनी एकाच बाजूची, हाताएवढी पट्टी काढली. गोल सोललं तर झाड मरतं, म्हणाले. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जातं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेंगांसकट फांदी मी कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहात ओळख पटवायला नेली. पांढरा कुडाच होता.

या वेळी नारिंगी ठिपका कोनेसिनच्या बरोबर उंचीवर आला. मी लगेच मामांना फोन लावला.

"बरं झालं," ते म्हणाले. मग थांबून, "आधीची साल कुनाला पोटात दिली न्हाय ना?"

आम्ही दिली नव्हती. पण ती औषधाच्या दुकानातून आली होती.