माती खाल्ली

कार्तिकी एकादशी होती. सांगलीच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी. जास्त लोहाची बाजरी निवडणं हे आमचं काम. तोंडात घास असतानाच दाण्यांच्या नमुन्यांबद्दल लॅबचा मेल आला आणि ४७ नंबरच्या ओळीपुढचा (ओळ म्हणजे शेतात वेगळी लावलेली एक निवड) आकडा बघून मी चावायचाच थांबलो. लोह : ११८ पीपीएम.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम. 'धनशक्ती' ही आपल्याकडची नावाजलेली लोहयुक्त बाजरी, २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाली. तिच्यात लोह साधारण ७१. ती काही आकाशातून पडली नाही. आयसीटीपी ८२०३ नावाचं जुनं वाण होतं, त्याचं मूळ पार आफ्रिकेतल्या टोगो देशात. त्यातलीच जास्त लोहाची झाडं निवडत निवडत ती तयार झाली. संकरित नसल्यामुळे शेतकऱ्याला घरचं बी पुढच्या वर्षी पेरता येतं. आणि इथं माझ्या जतच्या प्लॉटातून निघाले होते थेट ११८!

सरांना दाखवायला पळालो. ते डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा साबुदाणा कशाचा? कसाव्याचा. नुसता स्टार्च, बाकी काही नाही. त्याच कसाव्यात लोकांनी 'अ' जीवनसत्त्व आणलं. नायजेरियात २०११ पासून पिवळ्या गराची वाणं आहेत. कंद कापला की रंग दिसतो. बीटा कॅरोटीन डोळ्यांना कळतं रे. लोह कळत नाही. अॅल्युमिनियमचा रकाना बघितलास?"

नव्हता बघितला. बाकीच्या ओळींत तो आकडा किरकोळ होता, ४७ पुढं भलताच फुगलेला. धान्याच्या दाण्यात अॅल्युमिनियम जवळपास नसतंच, मातीत मात्र भरपूर असतं. म्हणजे यंत्रानं बाजरीबरोबर धूळही मोजली होती. खिचडी गार झाली ती झालीच.

दुसऱ्या दिवशी मिरज, कवठे महांकाळ करत एसटीनं जत गाठलं. रस्ताभर एकच हिशोब. आम्ही काळजी काय कमी घेतली होती? बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतं आणि स्वतःचा पराग नंतर फुटतो, त्यामुळे मधल्या दिवसांत शेजारच्या ओळीचा पराग येऊन बसतो. म्हणून प्रत्येक निवडलेल्या कणसाला वेळेत कागदी पिशवी चढवली होती. काढणीला कणीस जमिनीला टेकू द्यायचं नाही, थेट मांजरपाटाच्या पिशवीत टाकायचं. मळणी यंत्राला तर सक्त बंदी, कारण लोखंडाला घासलेलं धान्य लोखंड घेऊनच येतं. दाणे पिशवीतच हातानं चोळून काढायचे. हे सगळं मी ज्यांच्या शेतात प्लॉट होता त्या घरी दोनदा सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं, वाचणारं कोणी नव्हतं ती गोष्ट वेगळी.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. मी नंबर सांगितला तशा त्या लगेच म्हणाल्या, "ती व्हय? पिशवीची शिवण उसवली की रं. कणसं सांडली खळ्यात. मग काय टाकून द्यायची? बडवली, सुपानं पाखडली, भरून दिली. चांगली सोच्छ हुती."

डोळ्यांना स्वच्छच होती ती. मी ओंजळभर दाणे घेऊन पांढऱ्या रुमालावर चोळले. रुमालावर फिकट तांबूस पट्टा उमटला. मुरमाड जमीन, वारा, सूप. कुणाला बोल लावायचा? पिशव्या आम्हीच दिलेल्या, एकेरी टाक्याच्या.

"आजी, यंत्रानं माती मोजली."

त्या हसल्या. "मातीत लोखंड असतंय व्हय? आमची सून पोटुशी हुती तवा भितीची माती उकरून खायची. डाक्टर म्हनला रगत कमी हाय, गोळ्या चालू करा. मातीनं कुठं वाढलं तिचं रगत?"

मी काही बोललो नाही. रिपोर्टमधल्या त्या ११८ बद्दल इतकं नेमकं मला ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं.

नशिबानं त्याच ओळीची दोन कणसं राखीव म्हणून वेगळ्या पिशवीत माळ्यावर होती. तिथंच ओसरीवर ती हातानं चोळली, दाणे प्लास्टिकच्या पाकिटात बंद केले आणि भाकरी-ठेचा खाऊन शेवटच्या गाडीनं परतलो. पंधरा दिवसांनी निकाल आला : ५४. वाईट नाही. देशात बाजरीचं नवं वाण प्रसारित करायला किमान ४२ लागतं, तेवढं पार होतं. पण धनशक्तीच्या जवळपासही नाही. ४७ नंबर पुढच्या निवडीतून बाद झाला.

तेव्हापासून रिपोर्ट आला की सर लोहाच्या आधी मला अॅल्युमिनियमचा रकाना मोठ्यानं वाचायला लावतात, तेही सगळ्यांसमोर.

जूनमध्ये पेरणीला पुन्हा जतला गेलो तर आजींनी मांजरपाटाच्या पिशव्यांची चळत पुढं सरकवली. आम्ही आधी पाठवलेल्याच, पण प्रत्येकीच्या कडेनं काळ्या दोऱ्याचा आणखी एक टाका.

"ह्या टायमाला दुहेरी शिवलीया," त्या म्हणाल्या. "दोऱ्याचं पैसं लावून घे."