आईच्या नावाने उदयनगरची वारी

25 फेब्रुवारी हा कॅथलिक जोगीण धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) सिस्टर राणी मारियांचा स्मृतिदिन. 1995 साली याच तारखेला त्या मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरला यायला बसमध्ये बसल्या आणि नाचनबोरच्या घाटात त्यांचा खून झाला. अंगावर 50 हून अधिक जखमा होत्या. सावकारांच्या तावडीतून आदिवासींना सोडवायचं काम त्या करत, ते काहींना खुपत होतं.

आई गेल्यानंतरची ही आमची पहिली वारी. घाटापर्यंत गाडीने गेलो आणि तिथून पायी उदयनगरच्या चर्चकडे निघालो. दादा, वहिनी, आत्या, मी आणि शेजारच्या काकू. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. आषाढीला पंढरीनाथाचं दर्शन कधी न चुकवणाऱ्या. "तुमच्या आईबरोबर यायचं राहून गेलं, आता त्यांच्यासाठी चालते," एवढंच म्हणाल्या.

आत्याने रोझरीची माळ, म्हणजे मरियामातेची जपमाळ, सुरू केली. एका फेरीत 53 वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना, चढावर दम लागला की आवाज आपोआप खाली येतो. दोन्ही बाजूंना पळस फुललेला, शेतांत गहू पिवळा पडत आलेला. आईची माळ या वेळी माझ्या हातात होती. मणी इतके झिजलेत की बोटांतून पटकन निसटतात.

आई हरेगावच्या बाजूची. वडील साखर कारखान्यात, आणि सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा आली की सगळं गाव पायी निघायचं. लग्न होऊन ती इंदूरला आली, तेव्हा लाल चर्चमध्ये मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हिंदीत. ती मिस्सा तिने मनापासून ऐकली, पण मराठी प्रार्थना स्वयंपाकघरात जपली. कणीक मळताना, डाळ निवडताना ओठ हलत असायचे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली प्रकाशाची रहस्ये (माळ जपताना चिंतन करायचे येशूच्या जीवनातले प्रसंग) दिली, तेव्हा हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तिने ती उतरवून घेतली आणि आम्हा दोघांकडून पाठ करून घेतली. ती वही अजून आहे. एका बाजूला दूध-किराणा, दुसऱ्या बाजूला रहस्ये.

राणी मारियांपेक्षा आई त्यांच्या आईबद्दलच जास्त बोलायची. "त्या माउलीचं काय झालं असेल?" असं दर वर्षी या घाटात म्हणायची. मारेकरी समंदरसिंगला राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन राखी बांधली. 2006 साली तो सुटला, पुढे केरळला त्यांच्या घरी गेला, आणि राणी मारियांच्या आईनेही त्याला क्षमा केली. आमच्या आईला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नसे.

बाबांची मिल बंद पडली, तेव्हा हाती आलेले पैसे जवळच्याच एका नातेवाइकाने उसने नेले ते परत दिले नाहीत. आईने शिवणकाम करून, पापड लाटून आमच्या फिया भरल्या. काही वर्षांनी तोच माणूस आजारी पडला, तर ही त्याला डबा पाठवायला लागली. बाबा चिडायचे. ती म्हणायची, "पैशाचं देव बघेल, भुकेचं मला बघू द्या." डबा पोचवायला मी जायचो. त्या दारात उभं राहणं मला आजही सोपं वाटत नाही, आणि आईची भक्ती काय होती हे मला त्या डब्यातच सगळ्यात जास्त कळलं.

दुपारी उदयनगरला पोचलो. 2016 पासून राणी मारियांचे अवशेष चर्चच्या आतच आहेत. कबरीजवळ रांग होती, बहुतेक आसपासच्या पाड्यांवरच्या बायका, कडेवर पोरं. मिस्सेत फादरांनी आईचं नाव घेतलं तेव्हा दादा रडला. काकूंनी हात जोडले आणि पुटपुटल्या, बहुधा विठ्ठलाचंच नाव असावं. आईला ते फार आवडलं असतं.

परतताना आत्याने सप्टेंबरचा बेत काढला. मनमाडपर्यंत रेल्वे, पुढे जमेल तितकं पायी हरेगाव, आईच्या माहेरी. काकूंनी गाडीतच सांगून टाकलं, "माझंही तिकीट काढा."