कोठीचा कागद आणि एम.ए.चा वर्ग

एम.ए.च्या मुलांना पुण्याच्या पुराभिलेखागारात न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पानिपतचं पत्र बघायला मिळेल?" मी सांगते, छापील बघा. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापलेत, ते आपल्या ग्रंथालयातच आहेत. निवडक, हे लक्षात ठेवा. बाकीचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तसेच बांधलेले आहेत आणि मला त्यांतलंच काहीतरी तुमच्या हातात द्यायचंय.

या खेपेला मी मुद्दाम एका कोठीच्या, म्हणजे धान्य-सामानाच्या भांडाराच्या, जमाखर्चाचा रुमाल मागवला. ना लढाई, ना तह, ना फितुरी. मुलांचे चेहरे उतरले. मोडीचं प्रमाणपत्र प्रत्येकाकडे होतं. मोडी येत होती असं मात्र म्हणवत नाही. पेनं दाराबाहेर, आत फक्त शिसपेन्सिल. हात धुऊन कोरडे करायचे. हातमोजे का नाहीत, असं एकाने विचारलंच. हातमोजा घातला की कागदाची कड बोटाला लागत नाही आणि जीर्ण कागद नेमका तिथेच फाटतो.

गाठ सुटली, घडी उलगडली, तशी टेबलावर बारीक वाळू सांडली. एका मुलीने फुंकर मारायला तोंड पुढे नेलं, तर तिथले मामा ओरडले, "अगं, थुंकी उडते कागदावर!" शाई लवकर वाळावी म्हणून कारकुनाने भुरभुरलेली वाळू होती ती, घडीत अडकून राहिलेली. मुलांनी ती चिमटीत धरून पाहिली. पानिपत तिथेच मागे पडलं.

वर्षाची ओळ लागायला बराच वेळ गेला. 'सु॥ सीत सबैन मया व अलफ'. सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७६, पेशव्यांच्या दफ्तरातली वर्षगणना. आता इसवी सन काढायला यात ५९९ मिळवायचे की ६००? दोन तट पडले. "एका वर्षाने काय बिघडतंय, मॅडम?" असं एक जण म्हणाला. मी विचारलं, पेशवे आणि इंग्रजांमधला पुरंदरचा तह कधीचा? १ मार्च १७७६. मग हा कागद तहाच्या आधीचा की नंतरचा? सुहूर सन सूर्य मृगात शिरला की बदलतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून तिथून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. कागदावर महिना रजब होता. जुन्या तारखा जुळवून देणारी जंत्री उघडली आणि सप्टेंबर १७७५ निघाला. नारायणरावांच्या खुनाला दोन वर्षं झालेली, राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केलेला, सवाई माधवराव जेमतेम दीड वर्षांचे आणि कारभार बारभाईंच्या, म्हणजे नाना फडणवीस आणि इतर कारभाऱ्यांच्या मंडळाच्या, हाती.

कागदात यातलं अक्षर नाही. तांदूळ, तूप, तेल, जळण. मुलं कंटाळून भराभर वाचायला लागली होती. तेवढ्यात मघाची फुंकरवाली मुलगी अडखळली. "कुणबिणी, आसामी तीन." कुणबी जातीच्या नव्हेत, कोठीत राबणाऱ्या बायका. खाली एकेरी नावं, नावापुढे रोजचा शिधा, शेरात. त्याच्या खालच्या ओळीत बैलांची वैरण.

"मॅडम, या विकत घेतलेल्या ना?"

"शिधा मिळतोय म्हणजे नोकर असतील," मागून उत्तर आलं.

मी गप्प राहिले. वर्गात असते तर पाच मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले असते. इथे कागद समोर होता आणि तो अर्धंच सांगत होता. वेतन लिहिलंय का? नाही. गाव? नाही. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव? तेही नाही. बारगीर, शिलेदार या घोडेस्वारांच्या हिशेबात नेमणूक, म्हणजे ठरलेला पगार, दिसते, रुपया कुठल्या टाकसाळीचा तेसुद्धा दिसतं. इथे फक्त पोटापुरतं धान्य. दुपारी आम्ही छापील निवडी काढल्या. कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी तिथे सापडल्या, किमतीसकट. सरकारी कोठ्यांत, पागेत त्यांच्याकडून काम करून घेत, हेही स्पष्ट झालं. आमच्या कागदातल्या तिघी विकत घेतलेल्या होत्या हे त्याने सिद्ध होत नाही. पण नोकर होत्या असं आता कोणी म्हणेना. ही खरेदी-विक्री कधी थांबली, असं कोणीतरी विचारलं. कायद्याने गुलामगिरीला असलेली मान्यता १८४३ मध्ये गेली, असं मी सांगितलं. थांबली कधी, हा वेगळा प्रश्न.

परतताना बसमध्ये नाना फडणवीसांवरून भांडण जुंपलं. एकाचं म्हणणं, कुणबिणींचं त्यांना ठाऊक नसणार. दुसरी म्हणाली, त्यांच्या हिशेबाच्या काटेकोरपणावर आपण पानंच्या पानं लिहितो आणि एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं म्हणायचं? मला मनापासून बरं वाटलं. नानांबद्दल इतक्या पोटतिडकीने माझ्या तासाला कोणी बोललेलं नव्हतं.

त्या आठवड्याचा गृहपाठ मी बदलला. सप्टेंबर १७७५ वर लिहा, एकाही मुत्सद्द्याचं नाव न घेता. फुंकरवालीने निबंध दिलाच नाही. तिने तक्ता दिला : डावीकडे तिघींचा शिधा, उजवीकडे बैलांची वैरण आणि खाली काय काय कळत नाही त्याची यादी. मी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले. अंतर्गत गुण तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, यात विश्लेषण कुठाय? खालची यादी वाचा, म्हटलं. त्यांना ते पटलेलं नाही आणि मी गुण कमी केलेले नाहीत.